पाळतीचा ठेका आणि बिनसहीचं कार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

17 जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या अभिवादनाला गेलो होतो. साध्या वेशातले सीआयडीवाले कडेला उभे होते. सीमाप्रश्नाची सभा म्हटली की ते असायचेच, आम्हाला त्याची सवय आहे. यंदा मात्र त्यांच्यासाठी शूटिंग करणारा पोरगा ओळखीचा निघाला. माझ्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग यानंच केलं होतं. बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "काका, रोजावर बोलावत्यात. कार्ड साहेबांकडं देतो. एक कॉपी आमच्या कॉम्प्युटरात राहते की."

त्या पोराला मी दोष देत नाही, तो पोटासाठी करतो. पण माझी उमेदीची वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. तिथं गोपनीय नकाशा घेताना सही, परत करताना सही. कागद कुणापाशी आहे हे रजिस्टर उघडलं की कळायचं. इथं शेकडो माणसांचे चेहरे, कोण कुणाशी बोललं ते सगळं एका कार्डात, आणि त्याची प्रत कुणाच्या तरी दुकानात पडून!

ही वाट कुठं जाते ते अमेरिकेनं दाखवलंय. 2010 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नं शोधून काढलं की तिथं अतिगोपनीय परवाना असलेल्या सुमारे 8,54,000 लोकांपैकी 2,65,000 जण खासगी कंपन्यांचे होते. 2013 मध्ये जगभरच्या फोन-इंटरनेटवरची पाळत ज्यानं उघड केली, तो एडवर्ड स्नोडेनही बूझ ॲलन हॅमिल्टन या ठेकेदार कंपनीचाच नोकर. त्यानं केलं ते बरं की वाईट यावर वाद आहे. माझा मुद्दा एवढाच, की सरकारची गुपितं ठेकेदाराच्या माणसाच्या हातात होती.

त्याहून वाईट अबू गरेबचं. इराकमधल्या त्या तुरुंगात कैद्यांची चौकशी करायला सीएसीआय या कंपनीची माणसं ठेक्यावर होती. छळ झाला 2003-04 मध्ये. तिघा इराकींना 4 कोटी 20 लाख डॉलर भरपाई द्यावी, असा ज्युरीचा निकाल आला नोव्हेंबर 2024 मध्ये. वीस वर्षं! आम्ही लष्करासाठी काम करत होतो, असं म्हणत कंपनी कोर्टात भांडत राहिली.

आपल्याकडं तर आयबी आणि रॉ या केंद्राच्या गुप्तचर संस्थांनाच संसदेनं केलेला स्वतंत्र कायदा नाही. 2011 मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी तसा कायदा व्हावा म्हणून खासगी विधेयक आणलं होतं, ते मंजूर झालं नाही. माहिती अधिकारातून या दोन्ही संस्था कलम 24 नं जवळजवळ बाहेर आहेत, खासगी कंपनीला तर तो कायदा थेट लागूच होत नाही. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट ठेकेदारालाही लागतो, हे खरं. पण तो सरकारचं गुपित राखतो, माझा चेहरा कुणाकडं आहे हे मला सांगत नाही.

पाळत ठेवायचीच असेल तर पगारी पोलिसानं ठेवावी, ज्याच्या छातीवर नंबर असतो आणि ज्याची बदली, चौकशी होऊ शकते. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरतं, आमच्या दारात. तिथं एखाद्या आमदारानं, मग तो मराठी असो वा कन्नड, एवढं विचारावं: सभा-मोर्च्यांचं शूटिंग किती खासगी माणसांकडून होतं, करार काय आहे, आणि त्यांच्याकडच्या प्रती कोण पुसतो? कन्नड शेतकऱ्यांच्या मोर्च्यातही असेच कॅमेरे असतील, म्हणून हा फक्त आमचा प्रश्न नाही.

आपला,
एक माजी सैनिक
ता. खानापूर, जि. बेळगाव