‘रुस्तावी २’चा फेरफार अर्धाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जॉर्जियातील ‘रुस्तावी २’ या खासगी दूरचित्रवाणी वाहिनीवरचा लेख वाचला आणि सोमवारचा सबंध दिवस त्याच्या रागात गेला. वाहिनीला शोता रुस्तावेली या मध्ययुगीन कवीचे नाव दिले आहे, असे आपल्या लेखकांनी बिनदिक्कत ठोकून दिले आहे. रुस्तावी हे राजधानी तिबिलिसीपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे, पोलादाच्या कारखान्याभोवती वाढलेले शहर आहे. १९९४ मध्ये वाहिनी तिथे सुरू झाली म्हणून तिचे हे नाव. नकाशा उघडून पाहिला असता तरी हे कळले असते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. लेखक महाशय नोव्हेंबर २००३ च्या ‘गुलाब क्रांती’त, राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे यांच्या राजीनाम्यापाशी, लोकांच्या हातांतील गुलाबांपाशी येऊन थांबतात, जणू पुढे काही घडलेच नाही. मी एकतीस वर्षे दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवण्यात घालवली; मालमत्तेची हकिकत अर्ध्यावर सोडून उठणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. या वाहिनीचा इतिहास म्हणजे तिच्या मालकीचा इतिहास, आणि त्यातले महत्त्वाचे सगळे फेरफार २००३ नंतरचे आहेत.

२०१९ च्या जुलैमध्ये मी आणि सौ. तिबिलिसीत होतो. मुलगी तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि साबुर्तालो भागात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी भाड्याने राहत होती. बाईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक छोटा टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर ‘रुस्तावी २’ लागलेली असे. १८ जुलैला स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा आम्ही त्याच टेबलाशी चहा घेत होतो. बाईंनी चेरीचा मुरंबा पुढे केला होता (त्याला त्यांच्या भाषेतही ‘मुराबा’च म्हणतात, एवढा एकच शब्द मला मुलीच्या मदतीशिवाय कळला). किबार खल्वाशी या व्यावसायिकाने २००४ मध्ये वाहिनी घेतली होती. २००६ मध्ये, शेवर्दनाद्झे यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या साकाश्विली सरकारच्या दडपणामुळे ती आपल्याला सोडावी लागली, असे त्याचे म्हणणे. मार्च २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वाहिनी त्याला परत देण्याचा निकाल दिला होता आणि स्ट्रासबुर्गने त्याला स्थगिती दिली होती. ती स्थगिती त्या दिवशी उठली. बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र मात्र चालू ठेवले.

मग त्यांनी २००१ च्या ३० ऑक्टोबरची गोष्ट सांगितली. कर चुकवल्याचे निमित्त करून सुरक्षा मंत्रालयाचे लोक वाहिनीच्या कार्यालयात शिरले आणि वाहिनीने ती धाड जशीच्या तशी थेट प्रक्षेपित केली. बाई आणि त्यांचे यजमान घरातल्या सपाता पायांत तशाच ठेवून बाहेर पडले आणि गर्दीत जाऊन उभे राहिले. त्याआधी तीनच महिने, जुलैमध्ये, याच वाहिनीचा निवेदक गिओर्गी सनाया याचा खून झाला होता, त्यामुळे घरी बसवेना, असे त्या म्हणाल्या. दोन दिवसांत शेवर्दनाद्झे यांना सगळे मंत्रिमंडळ बरखास्त करावे लागले. ‘तेव्हा आम्ही सपातांत गेलो होतो,’ बाई म्हणाल्या, ‘आता बूट घालूनही कुठे जायचे ते कळत नाही.’

खल्वाशीचा २००६ चा दस्त खरोखरच दडपणाखाली झाला असेल, तर तो रद्द व्हायलाच हवा, हे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून म्हणतो. टेबलापलीकडे सही करणाऱ्याचा हात कसा कापतो, हे मी पाहिलेले आहे. पण दडपणाची ही आठवण साकाश्विली यांची सत्ता गेल्यानंतर, २०१५ मध्येच दाव्याच्या रूपाने न्यायालयात यावी आणि निकालाचा फायदा नेमका नव्या सत्ताधाऱ्यांनाही व्हावा, हा योगायोग आपल्या लेखकांना दोन ओळींच्याही योग्यतेचा वाटला नाही. ताबा बदलताच संचालक निका ग्वारामिया यांना काढण्यात आले, त्यांनी सप्टेंबरमध्ये दुसरी वाहिनी काढली, आणि २०२२ मध्ये याच ‘रुस्तावी २’मधील कारभाराबद्दल त्यांना तुरुंगात टाकण्यात आले; पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली तेव्हा ते सुटले. यातले अवाक्षरही लेखात नाही. हे सगळे गुलाबांइतके छायाचित्रात शोभत नाही, हे मान्य.

मागच्या वर्षीचे माझे पत्र आपण मधला परिच्छेद कापून छापले होते, त्यामुळे मी जे खोडून काढत होतो तेच माझे मत असल्याचे आमच्या वाचनालयात अजूनही समजले जाते. हे पत्र सबंध छापणे जमत नसेल तर छापू नये. मात्र रुस्तावी आणि रुस्तावेली यांचे शुद्धिपत्र तेवढे द्यावे. शब्दकोड्याच्या चुकलेल्या उत्तरांसाठी गेल्या आठवड्यात आपण जी चौकट राखली होती, तिच्या निम्म्या जागेत ते बसेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त दुय्यम निबंधक), सातारा