घाटात कोणी पुढे गेलं की 'डोप'च का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी सकाळी सिंहगड उतरून आम्ही पंधरा-वीस सायकलवाले पायथ्याच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. विषय नेहमीचाच, युरोपातल्या मोठ्या शर्यती आणि त्यांत अचानक चमकून गेलेले सायकलपटू. ब्रिटनच्या सायमन येट्सपासून सुरू झालेला वाद स्लोव्हेनियाच्या पोगाचारवर गेला. "एवढं कोणी असंच चढत नाही, काहीतरी घेतलंच असणार," यावर बहुतेकांचं एकमत झालं. तिथून गाडी वळली ती आमच्यातल्याच एका सतरा वर्षांच्या मुलावर. महिनाभरापूर्वी एका स्थानिक शर्यतीत त्याने चढावर भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. एका ज्येष्ठाने हसत विचारलं, "काय रे, तू काय घेतोस हल्ली? आम्हालाही सांग की." सगळे हसले. मुलगा हसला नाही. अर्धी खाल्लेली पोह्यांची बशी त्याने बाकावर ठेवली, हेल्मेट चढवलं आणि एकटाच पुण्याच्या दिशेने निघून गेला.

रास्ता पेठेत गेली पस्तीस वर्षं माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, मी मुंबई-पुणे शर्यतीत दोनदा उतरलो. दुसऱ्या खेपेला बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या जरा अलीकडे, मी पुढे निघालो. जोर फार होता असं नाही. ज्यांच्यात खरी चुरस होती ते तिघे एकमेकांवर डोळा ठेवून होते, आणि माझ्यासारख्या अनोळखी पोरामागे दम घालवायला कोणी तयार नव्हतं. खंडाळ्याला मी दोन मिनिटं पुढे होतो. कामशेतच्या पुढे घोळक्याने मला गाठलं आणि मी अकरावा आलो. पण पुढची कित्येक वर्षं माझ्या पाठीमागे एकच बोललं जायचं, "घाटात ट्रकला धरून चढला तो." पाहिलेलं कोणी नव्हतं, सांगणारे मात्र पुष्कळ होते. ते वाक्य अजूनही माझ्या मनातून गेलेलं नाही, म्हणून त्या मुलाचा चेहरा मला बघवला नाही.

येट्सचंच घ्या. २०१८ च्या जिरोत, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, तेरा दिवस आघाडीवाल्याची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर होती. एकोणिसाव्या टप्प्यात कोल्ले देल्ले फिनेस्त्रे या घाटात तो कोलमडला आणि त्या एका दिवसात ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला. २०२५ च्या जिरोत, शेवटून दुसऱ्या दिवशी, पुन्हा तोच घाट आला. साडेअठरा किलोमीटरचा चढ, त्यातला वरचा भाग खडीचा. येट्स सकाळी तिसरा होता, जर्सी अंगावर असलेल्या इसाक देल तोरोच्या १ मिनिट २१ सेकंद मागे. घाटात तो सुटला आणि मागे देल तोरो व दुसऱ्या क्रमांकावरचा कारापाझ एकमेकांकडे बघत राहिले. पाठलाग जर्सीवाल्याने करावा असं कारापाझचं गणित, आणि देल तोरो एकट्याने पुढे राहून, वारा अंगावर घेत ओढायला तयार नाही. या ताणाताणीत मिनिटं निघून गेली. घाट उतरल्यावर दरीत येट्ससाठी कोण थांबलं होतं? त्याच्याच संघातला वाउट व्हान आर्ट. संघाने त्याला सकाळच्या पलायनातच, म्हणजे घोळका सोडून आधी निघालेल्यांबरोबर, पुढे पाठवून ठेवलं होतं. सपाटीवर त्याच्यासारख्या दांडगटाने वारा अंगावर घेतला आणि येट्स त्याच्या पाठीशी बसून सेस्त्रियेरेच्या, म्हणजे शेवटच्या चढाच्या, पायथ्यापर्यंत पोहोचला. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तो असा. बोरघाट ज्याने एकदा शर्यतीत चढलाय त्याला यात नवल वाटणार नाही.

संशय घेणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही, हेही सांगतो. २००६ च्या टूर द फ्रान्समध्ये फ्लॉइड लँडिस एका दिवशी आठ मिनिटं गमावून बसला, दुसऱ्या दिवशी एकट्याने पुढे जाऊन मोर्झिनला जिंकला आणि आम्ही डोक्यावर घेऊन नाचलो. नंतर टेस्टोस्टेरॉनची चाचणी त्याच्या विरोधात गेली, विजेतेपद ऑस्कर पेरेरोकडे गेलं आणि २०१० मध्ये लँडिसने स्वतःच कबुली दिली. लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सात विजेतेपदं डोपिंगमुळे २०१२ मध्ये काढून घेतली गेली. आम्ही त्याचं चित्र दुकानात लावलं होतं. ते उतरवताना काय वाटलं ते मला माहीत आहे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं आमच्या पिढीचं झालं. २०२४ च्या टूरमध्ये प्लातो द बेय्य या चढावर पोगाचार डोपिंगच्या काळातल्या पांतानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून लवकर वर पोहोचला, तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली.

पण मग मी तो टप्पा पुन्हा पाहिला. त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगार्डच्या संघाने पायथ्यापासूनच वेग इतका ठेवला होता की वर पोहोचेपर्यंत कोणाला श्वास घ्यायला उसंत नव्हती. चढाची वेळ ही दोघांच्या पायांइतकीच त्यांना खालून ओढत नेणाऱ्यांची असते. शिवाय सायकल बदलली. आमच्या वेळी चाकात हवा दगडासारखी भरायचो. आज २८-३० मिलिमीटरचे टायर कमी हवेवर धावतात आणि चेनला तेलाऐवजी मेण असतं. खाणं तर पार बदललं. आम्ही खिशात गूळ-शेंगदाणे आणि दोन केळी घेऊन निघायचो. आता हे लोक तासाला १०० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात घालतात, म्हणजे दर तासाला चार-पाच केळ्यांइतकी, तीही पाच-पाच तास, आणि पोटाला त्याची सवय महिनोन्‌महिने लावलेली असते. पोट रिकामं पडून घाटात पाय गेले की काय होतं ते मला विचारा.

यामुळे सगळे स्वच्छ ठरतात असं मी म्हणत नाही. त्यासाठी २००८ पासून जैविक पासपोर्ट आहे. रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून फरक पाहिला जातो. आपल्याकडे 'नाडा' ही डोपिंगविरोधी संस्था नमुने घेते. कोणाकडे खरी माहिती असेल त्याने तिथे जावं. टपरीवर चहा पिता पिता निकाल लावणं हे काम नव्हे.

नेहमी दुसऱ्यांसाठी ओढणाऱ्या सेप कुसचं उदाहरण मला फार आवडतं. २०२३ मध्ये त्याने तिन्ही मोठ्या शर्यती केल्या. जिरो रॉग्लिचसाठी ओढली, टूर विंगेगार्डसाठी. स्पेनच्या वुएल्तात सहाव्या टप्प्यात तो पलायनात होता, तो टप्पा जिंकला, वेळ मिळवला आणि पुढे आघाडीची लाल जर्सी त्याच्याकडे आली. आंग्लिरूच्या चढावर त्याचेच दोन्ही नायक त्याला सोडून पुढे गेले, तरी आठ सेकंदांनी जर्सी वाचली. पाणी वाहून नेणाऱ्या माणसालाही पाय असतात, हे लोकांना त्या तीन आठवड्यांत कळलं.

आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. अशा शर्यतींच्या बातमीत निकालासोबत वारा कुठून होता, कोणी कोणासाठी ओढलं, चढाच्या पायथ्याशी किती फरक होता, एवढं छापा. 'चमत्कार' आणि 'संशयाच्या भोवऱ्यात' या दोनच मथळ्यांवर भागवू नका. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत आपल्या रस्त्यांवर झाली. ती पाहून माझ्या दुकानात सायकलची चौकशी करायला येणारी पोरं वाढली आहेत. उद्या त्यांच्यातलं कोणी चढावर पुढे निघालं, तर त्याच्याबद्दल वाचायला लोकांना आत्तापासून शिकवा.

त्या ज्येष्ठांनाही या पत्रातून विनंती आहे की त्यांनी मुलाला फोन करावा. तो गुरुवारी दुकानात आला होता. रविवारचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. चेनला झीज मोजायचं गेज लावून पाहिलं तर ती संपली होती. दिवाळीपासूनची ही तिसरी. मागचा टायरही मध्यभागी सपाट घासलेला. आधीच्या दोन चेन मी फेकलेल्या नाहीत, काउंटरमागच्या खिळ्याला टांगून ठेवल्या आहेत. तो काय घेतो हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल, त्यांनी रास्ता पेठेत यावं. दुकान सकाळी दहाला उघडतं.

आपला,
एक वाचक, रास्ता पेठ, पुणे