चौरसिया घडले, पुढचे कसे घडणार? केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: सरकारी जमिनीवरील गोल्फ कोर्सवर कॅडी (खेळाडूंच्या बॅगा वाहणारे मदतनीस) व कोर्स-कामगारांच्या मुलांना सरावाचा हक्क मिळण्याबाबत

महोदय,

गोल्फपटू शिवशंकर प्रसाद चौरसिया यांना २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. तो सर्वस्वी योग्य होता. मात्र त्यांची कारकीर्द ज्या परिस्थितीतून उभी राहिली, तिचाही आपल्या मंत्रालयाने विचार करावा, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची, निगा राखत असत. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या त्या क्लबच्या परिसरात हा मुलगा वाढला, प्रशिक्षकाविना खेळ शिकला आणि १९९७ मध्ये व्यावसायिक झाला. लांब फटका हे त्यांचे बलस्थान नव्हते. ग्रीनच्या आसपासचे चिपिंग (जवळून चेंडू हलकेच उचलून मारणे) आणि पटिंग (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलणे) यांवरच त्यांनी आपला खेळ रचला. २००८ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स जिंकून ते युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत विजय मिळवणारे अर्जुन अटवाल आणि जीव मिल्खा सिंग यांच्यानंतरचे तिसरे भारतीय ठरले. इंडियन ओपन या स्पर्धेने मात्र त्यांना फार झुलवले. अनेकदा उपविजेते राहिल्यावर, २०१५ मध्ये तर बरोबरी सोडवण्यासाठीच्या प्ले-ऑफमध्ये भारताच्याच अनिर्बान लाहिरी यांच्याकडून हरल्यावर, २०१६ मध्ये त्यांनी ती स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी सात फटक्यांच्या आघाडीने विजेतेपद राखले. त्याच सुमारास रिओ ऑलिम्पिकमध्ये ते भारताकडून खेळले.

त्यांच्याआधी दिल्लीच्या अली शेर यांनी हीच वाट चालली होती. कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारे अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले आणि १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. महोदय, ग्रीनचा उतार, वाऱ्याचा रोख आणि चेंडूची चाल रोज जवळून पाहणाऱ्या या मुलांमध्ये खेळाची उपजत जाण असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? त्यांना कमी पडते ती खेळायला मिळणारी जागा, आणि ती मिळणे आजही एखाद्या सभासदाच्या किंवा सचिवाच्या मर्जीवर अवलंबून आहे.

व्यावसायिक झाल्यावरही ही अडचण सुटतेच असे नाही. २०१४ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवरच आशियाई टूरची स्पर्धा जिंकणाऱ्या राशिद खान यांनी, टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रतेची धडपड चालू असताना, त्याच कोर्सवर सराव करू दिला जात नसल्याची जाहीर तक्रार केली होती. क्लबच्या अंतर्गत वादात मी पडत नाही. परंतु तो कोर्स सरकारच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे, आणि अशा जमिनीवर देशासाठी खेळू पाहणाऱ्याला किती तास मिळावेत, हा प्रश्न केवळ क्लबचा राहत नाही.

लाहिरी पुण्यात जन्मले. वडील लष्करात डॉक्टर असल्याने त्यांना लहानपणीच कोर्स आणि मार्गदर्शन दोन्ही मिळाले. पुण्याचेच उदयन माने टोकियोत खेळले. या दोघांचा मला, पुणेकर म्हणून, अभिमान आहे. पण त्यांच्यामागे उभे असलेले कॅडीचे मूल त्याच कोर्सवर बहुधा फक्त सुट्टीच्या दिवशी, उसन्या काठीने (गोल्फ क्लबने) खेळते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. सरकारी जमिनीवरील गोल्फ कोर्सच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण करताना कॅडी व कामगारांच्या मुलांसाठी आठवड्याचे ठरावीक तास राखून ठेवण्याची अट आपल्या मंत्रालयाने संबंधित खात्यांकडे धरावी. ते तास दिले गेले की नाही, याची नोंद दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. शिवाय व्यावसायिक गोल्फमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच्या कटमध्ये, म्हणजे चाळणीत, जो टिकत नाही त्याच्या हाती सहसा बक्षिसाचा एक रुपयाही पडत नाही. प्रवेशशुल्क, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मात्र झालेलाच असतो. घरी आधार नसलेल्या खेळाडूला पहिली दोन-तीन वर्षे या खर्चासाठी मदत मिळाली नाही, तर तो पुन्हा बॅग उचलायला जातो. क्रीडा विकासाच्या निधीतून ही मदत कशी देता येईल, हे आपण जाहीर करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक गोल्फप्रेमी नागरिक