सॉलिसिटर तुमच्या बँकेच्या पॅनेलवर आहे का?

संपादक महोदय,

इंग्लंड-वेल्समध्ये स्थायिक झालेली मराठी मुले घर घ्यायला निघाली की महाराष्ट्रातल्या त्यांच्या आईवडिलांची एक तक्रार हमखास कानावर येते. पैसे आमचे, दिले आमच्याच मुलाला, मग हा सॉलिसिटर, म्हणजे घरखरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील, आमच्या पासबुकाच्या प्रती, मुदत ठेव मोडल्याची पावती आणि वर सहीचे पत्र कशाला मागतो? हा त्रागा समजण्याजोगा आहे. पण या मागणीमागे पॅनेल, म्हणजे बँकेने मान्य केलेल्या वकील फर्मची यादी, ही व्यवस्था आहे. ती ठाऊक नसल्यामुळे चांगले चाललेले व्यवहार रखडतात, म्हणून हे पत्र.

इथे, इंग्लंड-वेल्समध्ये, घर घेणाऱ्याचा सॉलिसिटर बहुतेक वेळा कर्ज देणाऱ्या बँकेचाही सॉलिसिटर असतो. अशील दोन, वकील एक. बँकेच्या वतीने काय तपासायचे आणि काय कळवायचे, हे ‘यूके फायनान्स’ या बँकांच्या संघटनेच्या हँडबुकात लिहिलेले आहे. त्याचा पहिला भाग सर्वांना सारखा आहे आणि दुसऱ्या भागात प्रत्येक बँकेच्या स्वतःच्या अटी आहेत. कर्जाव्यतिरिक्तची रक्कम खरेदीदार स्वतःच्या पैशातून भरत नसेल, तर ते बँकेला कळवावे लागते. विक्रेत्याकडे घराची मालकी सहा महिन्यांपेक्षा कमी काळ असेल किंवा किमतीत आतून काही सूट दिली असेल, तर तेही. खरेदीदाराने कळवू नका म्हटले, तर सॉलिसिटरला बँकेचे काम सोडावे लागते आणि मग सहसा खरेदीदाराचेही. शिवाय मनी लाँडरिंगविरोधी २०१७ च्या नियमांनुसार पैसा कुठून आला हे तपासणे त्याला भागच आहे. त्यामुळे पासबुक मागणारा सॉलिसिटर संशयखोर नसतो, तो दोन्ही अशिलांशी इमान राखत असतो.

बँक हे काम तिने मान्य केलेल्या फर्मनाच देते. ती यादी म्हणजे पॅनेल. त्यावर यायचे तर फर्मवर एसआरए (सॉलिसिटरांची नियामक संस्था) किंवा सीएलसी (फक्त मालमत्ता-व्यवहार करणाऱ्या परवानाधारकांची नियामक संस्था) यांपैकी एकाची देखरेख हवी आणि व्यावसायिक चुकांचा विमा हवा. एसआरएच्या नियमांनुसार कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असलेल्या फर्मला प्रत्येक दाव्यामागे किमान ३० लाख पौंडांचे आणि इतर फर्मना २० लाख पौंडांचे संरक्षण घ्यावे लागते. त्यापुढे बहुतेक मोठ्या बँका लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेची सीक्यूएस ही घरखरेदीच्या कामाच्या दर्जाची मान्यता मागतात. ती मिळवायला कामकाजाची लेखी पद्धत, एक जबाबदार वरिष्ठ अधिकारी, कर्मचाऱ्यांचे ठरावीक प्रशिक्षण आणि घरखरेदीच्या ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन लागते, आणि मिळाल्यावरही ती वेळोवेळी पुन्हा सिद्ध करावी लागते. सीएलसीच्या फर्मना ही योजना खुली नाही, त्यांना बँका वेगळ्या निकषांवर घेतात. काही बँका एकट्या सॉलिसिटरची फर्म घेत नाहीत, किमान दोन भागीदार हवेत असे म्हणतात. बऱ्याच बँकांची कागदपत्रे ‘लेंडर एक्स्चेंज’ या पोर्टलवर एकदाच भरता येतात: भागीदारांची यादी, विम्याचे प्रमाणपत्र, जुने दावे, नियामकाने केलेल्या कारवाया. त्याचे वार्षिक शुल्क फर्मच भरते.

इथवर येणे त्यामानाने सोपे, टिकणे अवघड. आणि टिकण्याचा प्रश्न बहुतेकदा किल्ल्या हातात पडल्यानंतरच्या कामात अडकतो, जे खरेदीदाराला दिसतही नाही. पैसे मागवण्याआधी सॉलिसिटर बँकेला मालकी निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र देतो. पूर्ततेआधी, म्हणजे पैसे देऊन घर ताब्यात येण्याआधी, तो लँड रजिस्ट्रीत (मालमत्तेची सरकारी नोंदणी) ओएस१ हा शोध घेतो. त्यातून कामाच्या ३० दिवसांचा अग्रक्रम मिळतो, म्हणजे तेवढ्या काळात मधेच दुसऱ्या कुणाचा बोजा पुढे घुसू शकत नाही. पूर्ततेनंतर मुद्रांक कराचे विवरण इंग्लंडमध्ये १४ दिवसांत आणि वेल्समध्ये तिथल्या कराचे ३० दिवसांत भरायचे. त्याचे प्रमाणपत्र मिळाले की एपी१ अर्ज करून हस्तांतर आणि बँकेचे गहाण नोंदवायचे. हे अग्रक्रमाच्या त्या ३० कामाच्या दिवसांत झाले नाही, तर बँकेने लाखो पौंड दिलेले असतात आणि तिचा अग्रक्रम गेलेला असतो. अशा रखडलेल्या फाइली साचलेल्या फर्मवर बँकांची नजर असते, आणि माझ्या मते ती असायलाच हवी.

अर्ज वेळेत गेला तरी रजिस्ट्री शंका काढते. जुन्या बँकेचे गहाण सुटल्याचा डीएस१ हा दाखला आलेला नसतो, किंवा फ्लॅटच्या व्यवस्थापन कंपनीचे अनुपालन (अटी पाळल्याचे) प्रमाणपत्र राहिलेले असते. आपल्या लोकांच्या बाबतीत एक कारण विशेष दिसते, ते नावाचे. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते, बँकेच्या कर्जपत्रात ते गळते आणि गहाणखतात लग्नाआधीचे आडनाव येते. हस्तांतरात एक नाव आणि गहाणखतात दुसरे असेल, तर रजिस्ट्री अर्ज थांबवते. कर्जाचा अर्ज भरतानाच पासपोर्टवरचे नाव अक्षरशः तसेच लिहिले, तर पुढचे काही आठवडे वाचतात.

दुसरा धोका फसवणुकीचा. समोरच्या बाजूची फर्म खरी आहे का, हे तपासणे सॉलिसिटरचे काम आहे. लॉइड्स टीएसबी विरुद्ध मार्कंदन अँड उद्दीन या २०१२ च्या निकालात, खऱ्या फर्मच्या बनावट शाखेला कर्जाचे पैसे पाठवणाऱ्या सॉलिसिटरला अपील न्यायालयाने विश्वासभंगाबद्दल जबाबदार धरले. फसवला तोही गेला होता, पण नुकसान त्याच्याकडूनच वसूल होणार होते. एका फाइलमध्ये असे घडले तर पॅनेल, विमा आणि फर्म तिन्ही धोक्यात येतात.

काही फर्म मात्र कोणताही गुन्हा न करता बाहेर पडतात. एखाद्या बँकेचे काम बराच काळ आले नाही म्हणून ती बँक फर्मला निष्क्रिय ठरवते, किंवा भागीदार बदलला आणि ते वेळेत कळवले गेले नाही. विलीनीकरणात नियामकाने फर्मला दिलेला क्रमांक बदलू शकतो, आणि जुन्या फर्मचे पॅनेलवरचे स्थान नव्या फर्मकडे आपोआप जात नाही. जानेवारी २०१२ मध्ये एचएसबीसीने पॅनेल ४३ फर्मपुरते आणले तेव्हा शेकडो चांगल्या फर्म एका फटक्यात बाहेर गेल्या. ते धोरण नंतर सैल झाले. पॅनेलवर कोणाला ठेवायचे हे ठरवण्याचा हक्क बँकेचा आहे, हे मान्य. पण फर्मला काढताना कारण सांगणे आणि हातातले व्यवहार पुरे करू देणे बँकांवर बंधनकारक असावे, असे मला ठामपणे वाटते. करार झाल्यानंतर सॉलिसिटर बदलावा लागला, तर ठरलेली तारीख चुकते आणि भरलेली १० टक्के अनामत खरेदीदाराचीच धोक्यात येते.

म्हणून फी भरण्याआधी ईमेलवर लेखी विचारावे: ‘या कर्जदात्याच्या पॅनेलवर तुमची फर्म आज आहे का?’ ‘आम्ही सगळ्या मोठ्या बँकांचे काम करतो’ हे उत्तर नव्हे. मधेच बँक बदलली तर पुन्हा विचारावे. फर्म पॅनेलवर नसेल, तर सॉलिसिटर बदला किंवा बँक बदला. काही बँका स्वतःसाठी वेगळा सॉलिसिटर नेमू देतात, पण त्याची फी खरेदीदारालाच द्यावी लागते आणि दोन कार्यालयांमधल्या पत्रव्यवहारात वेळ जातो तो वेगळाच.

आणि आईवडिलांसाठी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. म्हणून पुष्कळदा थोडे वडील, थोडे आई आणि थोडे काका पाठवतात. प्रत्येक जण इथे वेगळा देणगीदार धरला जातो आणि प्रत्येकाचे कागद वेगळे लागतात. काही बँका जवळच्या नातेवाइकांखेरीज इतरांची भेट स्वीकारतच नाहीत, तेव्हा काकांकडून पैसे निघण्याआधी विचारून घ्यावे. बचत कशी जमली हे दाखवणारे खातेउतारे, ठेव मोडल्याची किंवा जमीन विकल्याची कागदपत्रे, पैसे पाठवल्याची बँकेची पावती, पासपोर्टची प्रत, हे सारे घर शोधायला लागतानाच जमवावे. कागद मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरही लागेल. सहीच्या पत्रात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: ही रक्कम परत घ्यायची नाही, आणि तिच्या बदल्यात घरात कोणताही हक्क नको. ‘जमेल तेव्हा परत कर’ असे प्रेमाने लिहिलेले एक वाक्यही बँकेच्या लेखी कर्ज ठरते आणि मुलाचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून तपासला जातो.

आपला,
इंग्लंडमधील कन्व्हेयन्सिंग (घरखरेदीचे कायदेशीर काम) क्षेत्रातील एक वाचक