पिसं गळणं हा रोग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती गेले की आमच्या हर्णैत आणि आसपासच्या वाड्यांत हौसेने लावे (बटेर पक्षी) पाळणाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते. पिसं झडताहेत, अंडी थांबली, नक्की काहीतरी रोग शिरलाय. मग धावपळ सुरू होते. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनी तालुक्याच्या एका दुकानात गेल्या, तर पक्षी न बघताच त्यांच्या हातावर अँटिबायोटिकची पुडी ठेवली गेली. पाण्यात कालवून पाजा म्हणे. पक्ष्यांना काहीही झालेलं नव्हतं. मला याचा फार राग येतो, म्हणून हे लिहिते आहे.

21 जूननंतर दिवस लहान होत जातो. आपल्याकडे तेव्हा 13 तासांच्या आसपास असलेला दिवस डिसेंबरात 11 तासांवर येतो. उजेड कमी झाला की लाव्याचं शरीर अंडी थांबवतं, जुनी पिसं टाकतं आणि नवी उगवायला घेतं. पक्ष्याच्या मानेवर हलकेच फुंकर घालून बघा. पिसं बाजूला झाली की कातडीतून टोकदार, निळसर कोंब वर आलेले दिसतात. प्रत्येक कोंब म्हणजे पातळ आवरणातली नळी, आणि आत रक्त. दाबलं की दुखतं. म्हणून या दिवसांत लावा हातात घेतला की अंग चोरतो. मुलांना एवढं सांगावं की सध्या नुसतं बघा, उचलू नका.

पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं, 85 ते 90 टक्के. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या जिवाला अंगभर नवं पांघरूण स्वतःच्या शरीरातून विणायचं असतं, आणि आपण त्याला देतो अंड्यांच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य, ज्यात प्रथिनं 16 ते 18 टक्के. लाव्याच्या वाढत्या पिल्लाला 24 टक्क्यांच्या आसपास लागतात, अंडी देणाऱ्या मादीला 20. काही जण तर नुसत्या तांदळाच्या कण्यांवर भागवतात. मग पिसं विरळ, ठिसूळ येतात आणि पुन्हा रोगाची शंका.

यावरचा उपाय आपल्या कोकणात घरोघरी आहे. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेला सुका जवळा घ्या. त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. वाळूवर वाळवलेला असेल तर दोन पाण्यांतून धुऊन रेती आणि खारटपणा काढा, पुन्हा वाळवा, तव्यावर कोरडाच परता आणि जाडसर कुटा. दहा लाव्यांचं दिवसाचं खाद्य साधारण पाव किलो. त्यातलं मूठभर काढून तेवढीच, म्हणजे 25 ग्रॅमच्या आसपास, जवळ्याची पूड मिसळली की 16 टक्क्यांचं खाद्य 20 च्या घरात जातं. खारवलेला बांगडा मात्र चुकूनही देऊ नका. मिठाने पक्षी पाणीपाणी करतात आणि विष्ठा पातळ होते.

उकडलेलं अंडं कुस्करून दिलेलं त्यांना फार आवडतं, पण उरलेलं तासाभरात उचलावं, दमट हवेत ते लगेच नासतं. कुळीथ द्यायचे तर शिजवूनच. आणि एकट्या कुळथांवर विसंबू नये. पिसाला लागणारा मेथिओनिन हा प्रथिनांतला घटक कडधान्यात कमी असतो, मासळीत आणि अंड्यात भरपूर. शेंगपेंडीची मला पावसाळ्यात भीतीच वाटते. भाद्रपदात पोत्याच्या तळाला बुरशी धरलेली असते आणि त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. वास कुबट आला की पेंड टाकून द्यावी, उन्हात घालून पुन्हा वापरू नये.

हा जादा खुराक पिसं भरेपर्यंतच, काही आठवडे. पुढे तसाच चालू ठेवला तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि खुराड्यात अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबू लागतो. अंड्यांसाठी याच दिवसांत रात्री दिवे लावून ठेवणंही मला पटत नाही. थकलेल्या पक्ष्याला जरा उसंत मिळू द्या.

खरं आजारपण वेगळं ओळखू येतं. पक्षी फुगून कोपऱ्यात बसतो, खाणं सोडतो, विष्ठेत रक्त दिसतं. तेव्हा थेट पशुवैद्यकाकडे जावं. पाठीवर जखम किंवा खपली असेल तर दुसरा लावा टोचतोय, त्याला वेगळा ठेवावा.

आपल्या शेतीच्या पानावर शेळ्या-कोंबड्यांबद्दल नेमाने छापून येतं. भाद्रपदाच्या आधी लाव्यांच्या खुराकावर चार ओळी छापाव्यात ही विनंती. आणि बाजारात जे पक्षीखाद्य सुटं, वजनावर विकलं जातं, त्याच्या पोत्यावरची प्रथिनांची टक्केवारी गिऱ्हाईकाला दिसेल अशी दुकानात लावायला लावावी, ही मागणी आपण संबंधित खात्यापर्यंत पोहोचवावी. आज विचारलं तर ‘चांगलं आहे, घेऊन जा’ एवढंच उत्तर मिळतं.

आपली,
एक वाचक, हर्णै (ता. दापोली, जि. रत्नागिरी)