मला संसार मोडायचा नाही, मार थांबवायचाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा तरी ‘विवाहितेचा छळ, पतीसह सासूवर गुन्हा’ अशी बातमी असते. गाव, लग्नाचं साल, माहेरहून किती पैसे आणायला सांगितले, सगळं तपशिलात. पण तसाच जाच आज सोसणारी एखादी बाई ती बातमी वाचत असेल तर तिनं कुठं जायचं, याची एक ओळही खाली नसते. म्हणून हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत गेली. मार खाल्लेली बाई ‘मला मारलं’ म्हणत कधी येत नाही. जिन्यावरून पडले, म्हशीनं ढुशी दिली, मोरीत पाय घसरला. मोरीत घसरलेल्या माणसाला कंबरेला लागतं, कोपराला लागतं. हिचे वळ मात्र हाताच्या बाहेरच्या अंगाला, मनगटापासून कोपरापर्यंत. तोंडावर येणारा फटका हातानं अडवला की तिथंच बसतो. आणि मनगटात रुतलेली बांगडीची काच. चिमट्यानं ती काढताना बाई हूं की चूं करत नाही. तिचं सगळं लक्ष दाराकडे, कारण दारात सासू उभी असते आणि आम्ही हिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासूच देत असते. ‘वजन करायचंय, नातेवाइकांनी बाहेर थांबा’ असं म्हणून तिला आत न्यायचं, ही आम्हा सिस्टर लोकांची जुनी युक्ती. आत गेल्यावर खरं काय ते बाहेर यायला फार वेळ लागत नाही.

पण त्याच्यामागोमाग ठरलेलं वाक्य यायचं: “सिस्टर, कुणाला सांगू नका. मला संसार मोडायचा नाही. त्यांनी हात उचलायचं बंद करावं, एवढंच.”

हे ऐकून शिकल्यासवरल्या बायकासुद्धा चिडतात. ‘मग खा मार’ म्हणतात. मला तर ते बोलणं अगदी व्यवहाराचं वाटतं. पदरात दोन लेकरं, नावावर गुंठाभर जमीन नाही, माहेरी भावजयीचं राज्य. नवऱ्याला आत टाकून ती खाणार काय?

तिला जे हवंय, नेमकं त्याच्यासाठी 2005 साली घरगुती हिंसाचाराचा कायदा झाला. 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. या कायद्यानं अर्ज दिला म्हणून नवऱ्याला कोणी उचलून नेत नाही. सरकारनं नेमलेले संरक्षण अधिकारी तिची हकिकत लिहून घेतात, ती कोर्टात जाते आणि कोर्ट हुकूम काढू शकतं: हात लावायचा नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला इतके पैसे द्यायचे. नवऱ्यानं हात न लावण्याचा हुकूम मोडला, तर मात्र तो गुन्हा. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘सोस’ आणि ‘आत टाक’ यांच्या मधली ही वाट आहे. इतक्या वर्षांत ती बायकांपर्यंत पोचलेली नाही. आणि ती फक्त सुनांसाठीही नाही. मुलाचा मार खाणारी म्हातारी आई, भावानं हाकललेली बहीण, यांनाही याच कायद्यानं अर्ज देता येतो.

‘घर माझ्या बापाच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?’ हे वाक्य तर घरोघरी. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नांदतं घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सून तिथं राहण्याचा हक्क मागू शकते. हा निकाल किती गावांत ठाऊक आहे? सातबारा कुणाच्या नावावर, ते मात्र शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणत नाही. अर्जाची पहिली तारीख तीन दिवसांत लागावी आणि 60 दिवसांत निकाल व्हावा, असं कायद्यात लिहिलंय. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बायांना विचारा, त्या हसतील. पोलीस ठाण्यातही बहुतेकींची बोळवण एन.सी. वर, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या नुसत्या नोंदीवर होते. तो कागद चार घड्या करून पर्समध्ये जपून ठेवलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांना वाटतं केस झाली. ती केस नव्हे. तरीही कागद टाकू नये. एन.सी., दवाखान्याचा केसपेपर, पुढं कोर्टात सगळं उपयोगी पडतं. फक्त ते घरात ठेवू नयेत, विश्वासातल्या शेजारणीकडे द्यावेत. तिथंच आधार, पासबुक आणि मुलांच्या दाखल्यांच्या झेरॉक्सही.

आता हेल्पलाइन. महिलांसाठी 181, तातडीला 112. दोन्ही चांगल्या. पण फोन कुणाच्या हातात असतो? रात्री नवरा मोबाइल उघडून कुणाला लावला, कुणाचा आला ते बघतो, अशी घरं काही थोडी नाहीत. अशा बाईनं शेजारच्या फोनवरून बोलावं. शिवाय तिनंच बोललं पाहिजे असंही नाही. असा प्रकार घडतोय असं ज्याला प्रामाणिकपणे वाटतं, अशी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकते, आणि सद्‌हेतूनं कळवणाऱ्यावर कसलाही दावा होऊ शकत नाही, हे त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. अंगणवाडीताई, डेअरीवाला, भिंतीपलीकडून रोज रात्री आवाज ऐकणारे आपण, सगळे त्यात आलो. ‘त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला पडा’ ही पळवाट कायद्यानं बंद केलेली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशभरातून दिसलं की हिंसा सोसलेल्या 100 बायकांपैकी जेमतेम 14 जणींनी कुणाकडे मदत मागितली. पण यातल्या कित्येकी केव्हा ना केव्हा दवाखान्याची पायरी चढतातच. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 च्या सुमारास ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं ते हेच हेरून. मलमपट्टी होते तिथंच समुपदेशन. आमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. तिथं चार-पाच दिवस राहता येतं, सल्ला मिळतो. पण डोंगरातल्या वाडीवरून तिथं जायचं म्हणजे पूर्ण दिवस मोडतो. एस.टी.चं तिकीट अर्धं झाल्यापासून निदान भाड्यासाठी नवऱ्यापुढं हात पसरावा लागत नाही, हे एक बरं झालं.

या कायद्याची प्रसिद्धी दूरदर्शन, रेडिओ, वर्तमानपत्रांतून वरचेवर करायची, ही जबाबदारी कायद्यानं सरकारवर टाकली आहे. सरकारी जाहिरात येते ती महिला दिनाला, मंत्र्यांच्या फोटोसह. त्यात फोटो मोठा आणि नंबर मुंगीएवढा.

म्हणून आपणच एक करावं. छळाची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली दर वेळी एक चौकट द्या. त्यात 181 आणि 112 तर हवेतच, पण आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर बसतात तेही लिहा. कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे लिहा. आणि अर्ज दिला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही, हे ठळक अक्षरात. तेवढं वाचूनच निम्म्या बायका उठतील.

छापण्याआधी त्या कार्यालयाचा नंबर आपल्या बातमीदारानं एकदा स्वतः लावून बघावा. कोणी उचललाच नाही, तर तीही बातमी छापावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)