निंबोळ्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

दरवर्षी जूनच्या तोंडावर आमच्या मुलुंडमध्ये कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, गाड्यांच्या टपावर चिकटतात, पायाखाली चिरडून चिकचिक होते, मग सोसायटीत तक्रारी सुरू की झाड छाटा नाहीतर झाडून तरी घ्या, आणि सफाईवाले ते सगळं गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकतात. मला हे बघवत नाही हो. त्याच दिवसांत मराठवाडा-विदर्भात बायका निंबोळ्या वेचून विकतात, आणि आपण इथे फुकटचा माल डंपिंगला पाठवून नर्सरीतून नीम ऑइलची बाटली विकत आणतो.

किडीवर फवारायचा अर्क घरी करायला फार काही लागत नाही. पिकलेल्या निंबोळ्या बादलीभर पाण्यात चोळल्या की साल आणि गर सुटतो, आतली बी धुऊन सावलीत पातळ पसरून वाळवायची. मुंबईत खरी गोची इथेच आहे, पाऊस. ओल राहिली की बीला बुरशी धरते, ती काळी पडलेली बी सरळ टाकून द्यावी, म्हणून वेचायचं काम पाऊस जोर धरायच्या आधी उरकायला हवं, आणि साठवण गोणपाटात किंवा कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये बिलकुल नको कारण आत घाम धरतो.

शेतकरी ज्याला ५ टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो म्हणजे ५ किलो बियांचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, २०० ग्रॅम साबण विरघळवून एकूण १०० लिटर करायचा. बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी लिटरला ५० ग्रॅम भरडा आणि साबणाची चिमूट पुरते, साबण नसेल तर पानावर पाणी थांबतच नाही. फवारा संध्याकाळी मारा, यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारा घटक, उन्हात टिकत नाही, आणि बनवलेला अर्क त्याच दिवशी संपवा.

एक गोष्ट मात्र लोकांना कोणी सांगत नाही. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी जास्वंदीवरचा मावा तसाच दिसतो, मग लोक म्हणतात हे काही कामाचं नाही. अहो, कडुनिंब किडीला झटक्यात मारत नाही, तिचं खाणं तोडतो, कात टाकण्यात बिघाड करतो, वाढ खुंटते, त्यामुळे थोडे दिवस धीर धरावा लागतो आणि फवारणी पुन्हा करावी लागते. कीड हाताबाहेर गेली असेल तर एकट्या निंबोळीने आवरत नाही हेही खरं. आणि झाडाचं आहे म्हणून ते पिण्याजोगं नाही, लहान मुलांच्या हाती तेलाची बाटली लागू देऊ नका.

तरीही मी आग्रहाने लिहितोय कारण २०१७ मध्ये यवतमाळला रासायनिक कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले ते अजून डोक्यातून जात नाही. भाजी आपण खातो आणि विष अंगावर दुसऱ्याच्या उडतं. याच कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशकाचं पेटंट युरोपात १९९४ मध्ये एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला मिळालं होतं, आपल्याकडच्या लोकांनी लढून २००० मध्ये ते रद्द करायला लावलं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. एवढं करून मिळवलेलं ज्ञान आपण मुंबईकर झाडूने लोटतोय.

माझी विनंती पालिकेच्या उद्यान खात्याला आहे, मे-जूनमध्ये प्रत्येक वॉर्डात निंबोळ्यांसाठी वेगळा डबा ठेवा, माळ्यांकडून बी वाळवून घ्या, आपल्याच बागांत वापरा, उरेल ते पालघर-शहापूरच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना द्या. सोसायट्यांनी निदान पार्किंगमध्ये जुनी चादर तरी अंथरावी. आणि विकतची बाटली घेणाऱ्यांनी लेबलवर अझाडिरॅक्टिन किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते बघावं, ३००, १५००, १०,००० असे प्रकार येतात, आकडाच नसेल तर घेऊ नये.

जमलं तर हे पत्र मे संपायच्या आत छापा, एकदा पाऊस लागला की यंदाच्या निंबोळ्या गेल्याच.

आपला एक वाचक, मुलुंड (पूर्व)